रॉबर्ट प्लांट : आरोळीनंतरचा आवाज

मंडळी, सुरुवात एका आरोळीपासून करू. लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडचं 'इमिग्रंट साँग' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलेलं असणार. १९७० सालचं गाणं. गिटार आणि ड्रम्सचा घोडदौडीसारखा ठेका सुरू होतो आणि त्यावर एकही शब्द नसलेली, थेट वरच्या सुरात फेकलेली हाक येते. ती देणारा रॉबर्ट प्लांट तेव्हा जेमतेम २२ वर्षांचा होता.

झेपलिन १२ वर्षं चाललं. त्यानंतर प्लांट चाळीसहून अधिक वर्षं गातो आहे, पण त्याच्याबद्दल बोलणारे अजून त्या १२ वर्षांतच घुटमळतात. मला हे मनापासून खटकतं. कारण गायक म्हणून त्याची खरी वाढ मला नंतरच्या काळात दिसते, आणि आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

आधीचं थोडक्यात सांगतो. जन्म २० ऑगस्ट १९४८, वेस्ट ब्रॉमविच. बर्मिंगहॅमजवळचा कोळशाचा आणि लोखंडाचा पट्टा. अकाउंटन्सीच्या शिक्षणाला लागला आणि दोन आठवड्यांत सोडून आला, कारण डोक्यात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, ब्लूज, भरलेलं. त्याच भागातला जॉन बॉनम नावाचा ड्रमर 'बँड ऑफ जॉय' या बँडमध्ये त्याच्याबरोबर वाजवायचा. १९६८ मध्ये गिटारवादक जिमी पेज नव्या बँडसाठी, म्हणजे पुढच्या लेड झेपलिनसाठी, गायक शोधत होता. टेरी रीड या गायकानं स्वतः नकार दिला आणि प्लांटचं नाव सुचवलं. पेजनं त्याला ऐकलं आणि त्याच्या मनात पहिली शंका आली ती अशी, की एवढा आवाज असूनही हा अजून अनोळखी कसा? याच्या स्वभावातच काही खोट असणार! खोट काही नव्हती. प्लांट आला आणि येताना बॉनमला घेऊन आला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

आता जरा थांबून सांगायची गोष्ट. ऑगस्ट १९७५ मध्ये ग्रीसमधल्या ऱ्होड्स बेटावर प्लांटच्या गाडीला अपघात झाला. त्यानंतरच्या 'प्रेझेन्स' या अल्बमचं गायन त्यानं चाकाच्या खुर्चीत बसून केलं. जुलै १९७७ मध्ये बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना त्याचा पाच वर्षांचा मुलगा कॅराक आजारानं गेला. दौरा तिथेच संपला. प्लांट गाणंच सोडायच्या बेतात होता. मुलाच्या अंत्यविधीला बॉनम त्याच्या सोबत होता, आणि पुढे त्याला पुन्हा बँडकडे वळवणाराही बॉनमच. २५ सप्टेंबर १९८० ला तो बॉनम गेला. वय ३२. डिसेंबरमध्ये उरलेल्या तिघांनी बँड संपल्याचं जाहीर केलं.

३२ वर्षांचा प्लांट आता एकटा होता. पाठीमागे ड्रम्सवर जुना दोस्त नाही. पुढे प्रेक्षकांत प्रत्येकाला जुनीच गाणी हवीत. त्यानं काय केलं? १९८१ मध्ये 'हनीड्रिपर्स' नावाचा एक बँड जमवला आणि लहान लहान जागी, जुनी रिदम अँड ब्लूजची गाणी गायला लागला. लाखोंच्या सभेतून उठून माणसानं पुन्हा ओसरीवर बसावं, तसं. मग १९८२ मध्ये 'पिक्चर्स ॲट इलेव्हन' हा पहिला एकल अल्बम आला. त्यात बहुतेक गाण्यांवर ड्रम्स वाजवले आहेत फिल कॉलिन्सनं. तो स्वतः तेव्हा मोठा होत चाललेला गायक. तरी पुढच्या वर्षी तो प्लांटच्या अमेरिकेच्या दौऱ्यात ड्रमर म्हणून गेला. त्या दौऱ्यात प्लांटनं झेपलिनचं एकही गाणं म्हटलं नाही. हॉल भरलेले, मागणी चालू, आणि हा नव्याच गाण्यांवर उभा! मला तो निर्धार फार मोठा वाटतो.

ऐंशीच्या दशकातलं सगळंच मला आवडतं असं मात्र नाही. 'बिग लॉग' अप्रतिम आहे. रात्रीच्या लांब रस्त्यासारखं गाणं, आवाज जवळजवळ कुजबुजता. पण १९८५ चा 'शेकन अँड स्टर्ड' मला आजही जड जातो. त्यातल्या सिंथेसायझरच्या गर्दीत गाणारा माणूस हरवतो. १९९३ च्या 'फेट ऑफ नेशन्स'मध्ये तो सापडतो. त्यातलं 'आय बिलीव्ह' हे गाणं कॅराकसाठी आहे. मुलगा गेल्यावर १६ वर्षांनी, आणि त्यात आरडाओरडा अजिबात नाही.

इथे एक धागा मागे जाऊन पकडायला हवा. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले होते आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी झेपलिनची दोन गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली होती. ते काम ४३ वर्षं कपाटात राहिलं, २०१५ मध्ये अधिकृतपणे बाहेर आलं. म्हणजे दुसऱ्याच्या संगीतात शिरायची ओढ जुनीच. १९९४ मध्ये हे दोघं मराकेशला गेले आणि तिथल्या ग्नावा या पारंपरिक संगीताच्या वादकांबरोबर बसले. त्याच प्रकल्पात 'बॅटल ऑफ एव्हरमोर' पुन्हा गायलं गेलं. झेपलिनच्या १९७१ च्या मूळ गाण्यात सँडी डेनी ही इंग्लिश गायिका होती. झेपलिनच्या स्टुडिओतल्या गाण्यांत बाहेरून आलेला गायनाचा आवाज तेवढा तिचाच. या वेळी तिच्या जागी गायिका नज्मा अख्तर होती. २००३ मध्ये तर तो मालीच्या वाळवंटातल्या संगीतमहोत्सवात जाऊन गायला.

आता २००७. एकाच वर्षात दोन गोष्टी घडल्या. ऑक्टोबरमध्ये ॲलिसन क्राउसबरोबरचा 'रेझिंग सँड' आला. १० डिसेंबरला लंडनच्या ओटू अरेनात झेपलिन एका रात्रीसाठी पुन्हा उभं राहिलं, ड्रम्सवर बॉनमचा मुलगा जेसन. तिकिटांसाठी सुमारे २ कोटी लोकांनी नाव नोंदवल्याचं आयोजकांनी सांगितलं. दौरा काढला असता तर केवढा पैसा मिळाला असता, विचार करा. प्लांटनं नाही म्हटलं आणि क्राउसबरोबरच्या दौऱ्यावर गेला.

का गेला असेल? क्राउस ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीतात वाढलेली गायिका आणि फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणारी. त्या परंपरेत हार्मनी, म्हणजे वेगळ्या पण जुळणाऱ्या सुरांत एकत्र गाणं, ही शिस्त. दोघांनी श्वास एका जागी घ्यायचा, 'आ' सारखाच उघडायचा, शब्दाचं शेवटचं अक्षर एकाच क्षणी मिटायचं. आणि प्लांट? तो आयुष्यभर ओळ मनाला येईल तशी ओढणारा, तोडणारा, दर वेळी वेगळी गाणारा. त्याच्याशी सूर जुळवायचा तर आज गायलेली जागा उद्याही तिथेच यायला हवी. याआधी आपण असं मिळवून कुणाबरोबर गायलोच नव्हतो, हे त्यानं मुलाखतींत मोकळेपणानं सांगितलं आहे. साठीला आलेला, जगभर नावाजलेला गायक एका वयानं लहान गायिकेकडून प्राथमिक धडा घेतो. मला हे दृश्य त्या ओटूच्या रात्रीपेक्षा मोठं वाटतं.

त्या अल्बममधलं 'प्लीज रीड द लेटर' मूळ १९९८ चं, पेजबरोबरचं. तेव्हा फारसं कुणी दखल घेतली नाही. इथे ते हळू केलं, वाद्यं मागे नेली, आणि दोन आवाज शेजारी ठेवले. फेब्रुवारी २००९ मध्ये या अल्बमला पाच ग्रॅमी मिळाले. वर्षातलं सर्वोत्तम रेकॉर्ड म्हणून निवडलं गेलं ते हेच गाणं.

पुढे गायिका पॅटी ग्रिफिन, मग २०२१ मध्ये पुन्हा क्राउस. अलीकडे 'सेव्हिंग ग्रेस' या बँडमध्ये गायिका सूझी डायन. प्रत्येक वेळी शेजारी कुणीतरी गाणारं आहे.

आता मी 'रेझिंग सँड'मधलं 'किलिंग द ब्लूज' लावतो. दोघं जवळजवळ अखंड एकत्र गातात. 'इमिग्रंट साँग' कानात असू द्या, आणि पहिल्या ओळीत प्लांट आवाज किती खाली ठेवतो ते ऐका. ओळ संपताना तो क्राउसची वाट बघतो. तिथे लक्ष द्या.