बॉल कुठे होता?

नेरुळ, सकाळचे साडेआठ, मुलींची सॉफ्टबॉल मॅच आणि मी अंपायर. रात्री पाऊस पडून गेलाय, मैदान अजून ओलंच आहे आणि बेसलाइनवर मारलेली फक्की दुसऱ्या इनिंगलाच बुटांनी पार पसरलीये.

आता हे बघा. सेकंड बेसवरची रनर थर्ड ओलांडून सुसाट होमकडे, म्हणजे रन पूर्ण होतो त्या प्लेटकडे येतेय, थ्रो अजून हवेत आहे, सगळ्यांची नजर बॉलवर, आणि प्लेटपाशी थ्रो घ्यायला उभ्या कॅचरचा डावा पाय मात्र लाइनवर आडवा. मी प्लेटच्या मागून बाजूला सरकले कारण मागून नुसती कॅचरची पाठ दिसते, पाय दिसत नाहीत.

धाडकन धडक. दोघी खाली, बॉल मागच्या जाळीला. पिचर धावत गेली, बॉल आणला, पडलेल्या रनरला टॅग केलं, म्हणजे बॉल अंगाला लावला, आणि डगआउटमधून, बाजूला बसलेल्या टीमकडून ओरडा, आऊट आऊट!

पण माझा डावा हात केव्हाचा आडवा आहे. ऑब्स्ट्रक्शन, म्हणजे रनरची वाट अडवली. खेळ लगेच थांबवत नाही आपण, प्ले संपू देतो, मग डेड बॉल, म्हणजे खेळ थांबला. ती आऊट नाही, होम तिला मिळणार, रन धरला.

बॉल हातात नसताना रनरची वाट अडवता येत नाही. थ्रो येतच होता, हे पूर्वी चालायचं, आता नाही चालत.

याच्या बरोबर उलट, मारलेला बॉल उचलायला शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्डच्या मधली फिल्डर वाकली असेल तर वाट तिची, रनरने वळसा घालून जायचं. धडकली तर रनर आऊट, बॉल तिथेच डेड, मुद्दाम केलं की चुकून हे बघायचंच नाही. आणि फिल्डर बॉल घेऊन टॅगसाठी उभी आहे आणि रनर उभ्याउभ्या जाऊन आदळली, तर आऊट तर आहेच, पण अंगावर जायच्या इराद्यानेच गेली असेल तर मॅचबाहेर. स्लाइड करा, बाजूने जा, मागे फिरा, पण आदळू नका. फर्स्ट बेसला पांढऱ्याच्या शेजारी केशरी बेस असतो ना, तो याचसाठी, रनरने केशरीवर पाय द्यायचा, फिल्डरने पांढऱ्यावर. साठ फूट जीव तोडून धावत आलेल्या पोरीला ऐनवेळी थांबता येत नाही हो.

कॅचर गुडघा चोळत उठली. "मॅडम, बॉल येतच होता ना?"

मी खाली बसले, तिच्या बुटाच्या ठशाशेजारी बोटाने रेघ मारली. इथे उभी राहा, प्लेटच्या पुढे, लाइन मोकळी सोड. बॉल ग्लव्हजमध्ये आला की मग ये आडवी.

पुढच्या इनिंगला परत थ्रो आला. तिने आधी खाली बघितलं, पाय मागे घेतला, मग ग्लव्हज वर.