टिलर ओढत नाही? नुसता बेल्ट ताणू नका

मे संपत आला की कोकणात पॉवर टिलर, म्हणजे हँडल धरून चालवायचे दोन चाकी नांगरणी मशीन, बाहेर निघतात. एकदा का पाऊस लागून चिखळणी सुरू झाली की मग कुणालाच दम नसतो, त्यामुळे गॅरेजवर गर्दी आत्ताच. तक्रार बहुतेकांची एकच, चिखलात ओढत नाही हो, बेल्ट तेवढा ताणून द्या.

आता हे कव्हर काढलंय बघा. पुढे इंजिनाची पुली, मागे क्लचची, मधे व्ही-बेल्टचा, म्हणजे खाली निमुळत्या होत जाणाऱ्या बेल्टचा सेट. या बेल्टची पकड असते दोन्ही कडांवर, तळाला नाही, म्हणून पुलीच्या खाचेचा तळ चकचकीत दिसला तर समजायचं बेल्ट झिजून खाली बसलाय, मग कितीही ताणा, घसरणारच. आणि एक तुटला तरी अख्खा सेट बदलायचा, नाहीतर सगळा लोड त्या एकट्या नव्यावर.

ताणायला बोल्ट ढिले करून इंजिनच थोडं पुढे सरकवतात. मधोमध अंगठ्याने दाबला तर जरा दबला पाहिजे, किती ते मशीनच्या पुस्तकात असतं (पुस्तक कोणाकडे सापडेल तर शपथ!). तारेसारखा ताणलात तर बेअरिंग जाणार.

बरं, बेल्ट चांगला आहे तरी ओढत नाही, मग क्लच बघा. लिव्हरला मोकळी चाल, म्हणजे क्लच सुटायला लागण्याआधीची थोडी ढिलाई, उरली नाही की प्लेटा नीट चिकटत नाहीत, घसरतात, जळका वास येतो आणि शिव्या खातो बेल्ट. रॉडचा लॉकनट सोडून ती चाल परत द्यायची. बऱ्याच टिलरला हाच लिव्हर अजून मागे ओढला की ब्रेक लागतो, त्यामुळे आधी क्लच जुळवायचा, मग ब्रेक, उलट केलंत तर क्लच सुटायच्या आधीच ब्रेक घासायला लागतो.

राहिले हँडलखालचे दोन साइड क्लच, जो दाबाल त्या बाजूच्या चाकाचा इंजिनाशी संबंध सुटतो. यांनाही थोडी चाल हवी आणि दोन्हीकडे सारखी. सपाटीला डावा दाबला की टिलर डावीकडे वळतो. पण उतारावर, मागून भरलेली ट्रॉली ढकलत असली की डावा दाबल्यावर टिलर उजवीकडे जातो! कारण डावं चाक मोकळं सुटून पुढे पळतं आणि उजवं इंजिनाने धरून ठेवलेलं असतं. नवीन पोरं इथेच गडबडतात. म्हणून जुने ड्रायव्हर उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाकतात, साइड क्लचला हातच लावत नाहीत, हँडल रेटून दिशा देतात आणि पाय ट्रॉलीच्या ब्रेकवर.