नकाशावरच्या टिकल्या

(ग्रंथालय कार्यकर्त्यांच्या मेळाव्यातलं भाषण. बोलण्याचा बाज ठेवून शब्दांकन केलं आहे.)

मंडळी, पत्रिकेवर माझ्या नावापुढं विषय छापलाय, 'राज्य ग्रंथालय परिषद आणि ग्रंथालयांचं नियोजन'. हे वाचून चहा झाला की सटकायचं असं निम्म्यांनी मनात ठरवलं असणार. मी रागावत नाही. अठ्ठावीस वर्षं ग्रंथपाल होते तेव्हा असल्या विषयाला मागच्या रांगेत बसून मी दोन स्वेटर पुरे केलेत.

तर परिषद बाजूला ठेवू, आधी टिकल्यांबद्दल सांगते. निवृत्त झाल्यावर हात रिकामे झाले. तालुक्याचा एक मोठा नकाशा मिळवला, ओसरीवरच्या भिंतीला लावला. शासनमान्य ग्रंथालयांची यादी हातात घेतली आणि नातीच्या पाकिटातली एकेक लाल टिकली काढून गावांवर चिकटवत गेले. दुपारपर्यंत नकाशा रंगला. हमरस्त्याच्या कडेनं टिकल्या, कॅनॉलच्या कडेनं टिकल्या. बाजाराच्या गावात तर तीन. का तीन? तर गावात दोन गट, प्रत्येकाचं आपलं वाचनालय, आणि तिसरं देवस्थानाचं. आणि वर उत्तरेला डोंगरपट्टा, तिथल्या अकरा वाड्या-वस्त्यांत एकही नाही. कोरं.

नात म्हणाली, "आजी, हे असं कुणी ठरवलं गं?"

कुणीच ठरवलेलं नाही. ते ठरवायचं काम कुणाचं होतं, एवढंच मला आज बोलायचंय.

आपल्याकडची वाचनालयं सरकारनं काढलेली नाहीत. रत्नागिरीचं १८२८ चं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. पुढं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. जिथं चार शिकलेली माणसं, एखादा कनवाळू अधिकारी किंवा संस्थानिक, आणि बसायला एक खोली मिळाली तिथं वाचनालय उभं राहिलं. शेजारी बडोद्यात सयाजीराव महाराजांनी मात्र वेगळं केलं. १९१० साली बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावून घेतला आणि राज्यभराची आखणीच करायला लावली. ज्या गावात वाचनालय नाही तिथं पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या. तिथं आधी नकाशा होता, मग पुस्तकं. आपल्याकडं पुस्तकं आधी आली, नकाशा राहून गेला.

नाही म्हणायला मुंबई सरकारनं १९३९ मध्ये आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. तिची योजना फार नेटकी होती. वर मध्यवर्ती ग्रंथालय, त्याखाली प्रादेशिक, मग जिल्हा, तालुका, पेटा म्हणजे तालुक्याचा पोटविभाग, आणि शेवटी गाव. पण मध्ये महायुद्ध आलं, पैसा नव्हता. स्वातंत्र्याच्या सुमारास योजना हप्त्याहप्त्यानं राबवायला घेतली, तेव्हा नवी ग्रंथालयं बांधण्याऐवजी जिल्ह्यात चालू असलेल्या वाचनालयालाच 'जिल्हा ग्रंथालय' म्हणून मान्यता दिली गेली. गरिबाच्या घरी असंच असतं, नवं शिवायला जमत नाही तेव्हा असलेल्याला अस्तर लावायचं. पण ती सवय जी लागली ती लागलीच.

मग १९६७ चा कायदा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम. १ मे १९६८ पासून लागू. इथं कोल्हापूरकर बसलेत, ते खाकरायच्या आत सांगून टाकते, देशातला पहिला ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानानं १९४५ मध्येच केला होता. संस्थान विलीन झालं, त्याबरोबर तोही गेला.

या १९६७ च्या कायद्यानं राज्य ग्रंथालय परिषद आणली. अध्यक्ष खात्याचे मंत्री, सभासदांत आमदार, ग्रंथालय संघांचे प्रतिनिधी, काही तज्ज्ञ. जिल्ह्याला जिल्हा ग्रंथालय समिती. आणि रोजचा कारभार बघायला ग्रंथालय संचालनालय, म्हणजे तुमचा-आमचा संबंध ज्यांच्याशी येतो ते जिल्हा ग्रंथालय अधिकारी, सहायक संचालक, वगैरे. यात परिषदेचं काम काय? सरकारला सल्ला देणं. सल्ला! तिच्याकडं तिजोरीची किल्ली नाही. घरातल्या थोरल्या सासूसारखं, विचारलं की सांगायचं, आणि सांगितलेलं ऐकलं जाईलच असं नाही.

पैशाचं कलम बघा. ग्रंथालय निधीत सरकारनं दरसाल किमान २५ लाख घालावेत, असं कायद्यात लिहिलं. १९६७ च्या मानानं ती रक्कम लहान नव्हती. आज राज्यभरातलं अनुदान शंभर कोटींच्या पुढं आहे. म्हणजे कायद्यानं बांधलेला भाग चिमूटभर, बाकी सगळं दरवर्षीच्या अर्थसंकल्पातल्या मर्जीवर. तमिळनाडूत १९४८ पासून कायद्यानंच ग्रंथालय कर आहे, घरपट्टीबरोबर वसूल होतो. कर्नाटकातही आहे. केरळातही आहे, शिवाय तिथली परिषद तालुक्यापासून निवडून वर जाते. खालच्या वाचनालयांचे लोक मत देतात. आपल्याकडं कर नको असं ठरलं. वसूल झालेला कर नगरपालिका वेळेवर पुढं पाठवत नाहीत, असं रडगाणं तिकडचेही लोक गातात, तेव्हा कर आला की स्वर्ग आला असं मी म्हणणार नाही. पण कर असला की तुमच्या वाट्याला काय येणार ते आधी कळतं, आणि ते कळल्याशिवाय पुढच्या पाच वर्षांचं काय ठरवणार? महिन्याचा पगारच माहीत नसेल तर घरात किराण्याची यादी कशी करायची?

आता हिशेब. हा मी फळ्यावर मांडते, कारण बाहेरच्यांना खरा वाटत नाही. अनुदान ज्यावर ठरतं ते आपल्या वाचनालयांचे दर्जे तुम्हाला पाठ आहेत. जिल्हा, तालुका, इतर, आणि त्यात अ, ब, क, ड. सगळ्यात शेवटचा 'ड' वर्ग. वर्षाला ३०,००० रुपये अनुदान होतं. २०२२ च्या अखेरीस ६० टक्के वाढ जाहीर झाली, ते ४८,००० झालं. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. पण अनुदान खर्चाच्या ९० टक्के मिळतं. म्हणजे ४८,००० पदरात पाडायचे तर ५३,३३३ रुपये खर्च करून दाखवायचे. वरचे ५,३३३ वाचनालयानं स्वतः आणायचे. महिना दहा रुपये वर्गणीचे पंचेचाळीस सभासद बाराही महिने न चुकता पैसे देतील, तेव्हा ५,४०० होतात. पंचेचाळीस नियमित सभासद! दोनशे घरांच्या गावात. ज्यांनी वसुलीला दारोदार चकरा मारल्यात त्यांना विचारा.

आणि अनुदानाचा निम्मा भाग पगारासाठी धरला, तर २४,००० वर्षाला. महिन्याला दोन हजार. वाढीच्या आधी तो साडेबाराशे होता. शिवाय अनुदान यायचं दोन हप्त्यांत, त्यामुळं पगार महिन्याला मिळतच नाही. मधल्या काळात किराणावाला वहीत लिहून घेतो. एका वाचनालयात मी स्वतः पाहिलंय, ग्रंथपाल म्हणून असलेल्या पोरीनं देवघेवीच्या नोंदवहीच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात दुकानाची उधारी लिहून ठेवली होती. तेल, साबण, चहापत्ती. वरच्या पानांवर कादंबऱ्यांचे दाखल क्रमांक, म्हणजे पुस्तक वाचनालयात आलं की त्याला मिळतो तो नंबर, आणि मागं हे. तपासणीला आलेल्या साहेबांनी ते पान पाहिलं. चांगला माणूस, काही न बोलता पान उलटलं.

तपासणी काय असते ते नव्या लोकांसाठी सांगते. साहेब दाखल नोंदवही उघडतात, मधलाच एखादा क्रमांक काढतात आणि म्हणतात, हे पुस्तक आणा. आमच्याकडं एकदा असाच क्रमांक निघाला आणि ते पुस्तक एका निवृत्त गुरुजींकडं अकरा महिने होतं. मी शिपायाला सायकलवर पिटाळलं. गुरुजींनी पुस्तकासोबत चिठ्ठी पाठवली, 'अजून चाळीस पानं राहिली आहेत, तपासून झालं की परत पाठवा.' साहेबांनी तपासलं आणि खरंच परत पाठवलं.

हसा. पण या तपासणीत काय तपासतात ते बघा. सभासद किती, पुस्तकं किती, वर्तमानपत्रं किती, दिवसाला किती तास उघडं, हिशेब तपासनिसाची सही आहे का. हे सगळं हवंच, सरकारचा पैसा आहे. फक्त यातला प्रत्येक प्रश्न जे आहे त्याबद्दलचा आहे. शेजारच्या गावात वाचनालय का नाही, हा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नाही. तो साहेबांनी भरायचा नसतो, आणि मग वर परिषदेपुढं जो गोषवारा जातो त्यातही तो नसतो. परिषदेला दिसतात ती अकरा हजारांवर मान्य ग्रंथालयं. राज्यात सत्तावीस-अठ्ठावीस हजार ग्रामपंचायती आहेत हा दुसरा आकडा त्या शेजारी कुणी ठेवत नाही.

यातून दोन्ही टोकं झाली. एका काळात मान्यता सढळ हातानं वाटल्या गेल्या. अनुदान आहे म्हटल्यावर काही ठिकाणी खोलीला फलक लागला, वाचक आलाच नाही. आपल्यातलेच होते ते, नाव घेत नाही. मग २०१२ मध्ये महसूल खात्याकडून सगळ्या राज्यात पडताळणी झाली आणि नव्या मान्यता व दर्जावाढ थांबवली. बोगस वाचनालयं पकडायलाच हवी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चोर पकडायला म्हणून गावचा दरवाजा लावून घेतला आणि बाहेरगावी गेलेले गावकरी बाहेरच राहिले, असं काहीसं झालं. ज्या गटांनी आधीच फलक लावला होता ते आत, आणि ज्या डोंगरातल्या गावाला अजून जाग यायची होती ते बाहेर. नियोजन करणारं कुणी असतं तर त्यानं आधी बघितलं असतं, कोरी जागा कुठं आहे, दार तिथं उघडं ठेवू.

आता, हे करायला साधनं नाहीत का? आहेत. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान आहे, १९७२ चं. ते राज्यांना पुस्तकं, इमारत, साधनसामग्री यांसाठी मदत देतं. काही योजनांत राज्यानं आपला हिस्सा घालायचा, काहींत नाही. आणि त्यासाठी प्रत्येक राज्यात एक ग्रंथालय नियोजन समिती असते. बघा, 'नियोजन' हा शब्द कागदोपत्री आहे हो! पण आमच्यापर्यंत ती योजना पोचते ती पुस्तकांच्या गठ्ठ्याच्या रूपानं. गठ्ठा सोडला की काही चांगली पुस्तकं निघतात, काही कुणीच न मागितलेली. आमच्याकडं एकदा शेतीच्या तालुक्यात समुद्री मासेमारीवरच्या पुस्तकाच्या दोन प्रती आल्या. एक मी वाचली. वाईट नव्हती.

आणि संचालनालयाचीही बाजू सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. ग्रंथपालनाचा प्रमाणपत्र वर्ग त्यांनी चालू ठेवला, त्यातूनच आपल्यातल्या निम्म्या बाया उभ्या राहिल्या. जिल्ह्याजिल्ह्यात ग्रंथोत्सव होतात. उत्कृष्ट ग्रंथालयाला डॉ. आंबेडकरांच्या नावानं आणि कार्यकर्त्या-सेवकांना ग्रंथालयशास्त्रातले थोर जाणकार रंगनाथन यांच्या नावानं पुरस्कार मिळतात. एका जिल्हा कार्यालयात माणसं किती आणि त्यांच्याकडं वाचनालयं किती हे तुम्ही पाहिलंय. तपासण्या आणि अनुदानाची बिलं यातच त्यांचं वर्ष संपतं. त्यांनी नकाशा कधी काढायचा?

म्हणून म्हणते, तो खालून निघाला पाहिजे. जिल्हा ग्रंथालय समितीला जिल्ह्याच्या गरजा वर कळवायच्या असतात ना? मग प्रत्येक तालुका संघानं आपला नकाशा करावा. खर्च काय, नकाशाचा आणि टिकल्यांच्या पाकिटाचा. लाल टिकली मान्य ग्रंथालयाला. कोरं गाव दिसलं की तिथं शाळा आहे का, एस.टी. येते का, पावसाळ्यात रस्ता राहतो का, हे एका ओळीत लिहायचं. आणि तो कागद वार्षिक अहवालाला जोडून द्यायचा. मागितला नाही तरी द्यायचा. मागच्या साली मी आमच्या तालुक्याचा दिला. कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, "हा कुठल्या फायलीला लावू?" मी म्हटलं, नवी फाइल काढा. त्यांनी काढली. वर नाव लिहिलं, 'इतर'.

जाता जाता त्या डोंगरपट्ट्याबद्दल सांगते. अकरातल्या एका वाडीला मी गेले होते. तिथं देवळाच्या ओवरीत एका पोरानं लोखंडी कपाट ठेवलंय. मुंबईला हमालीला जातो, येताना रद्दीच्या दुकानातून किलोवर पुस्तकं आणतो. मोजली, एकशे ब्याण्णव निघाली. वही आहे, शाळेची, दोनशे पानी. त्यात कुणी काय नेलं ते लिहिलेलं, परत आलं की त्यावर आडवी रेघ. दाखल क्रमांक नाहीत, शिक्का नाही, संस्थेची घटना नाही, नोंदणी नाही. त्यानं विचारलं, "मावशी, हे वाचनालय धरतील का?"

घरी येऊन नकाशापुढं उभी राहिले. लाल टिकली लावता येईना, यादीत नव्हतं. पेन्सिलीनं एक ठिपका काढून ठेवलाय.