फाइलवरचा आकडा आणि घरातला माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

मुलाला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे, असं कळलं की आईवडील लगेच विचारतात, “किती आहे? माइल्ड की सिव्हिअर?” निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘डीएसएम-५’ या अमेरिकी नियमावलीत २०१३पासून आधाराच्या गरजेच्या तीन पातळ्या आहेत. त्यातली एक फाइलवर पडते आणि घरचे ती जन्माची धरून बसतात. ही पातळी प्रसंगानुसार आणि काळानुसार कमीजास्त होऊ शकते, असं तीच नियमावली सांगते. पण तेवढं कोण वाचतो?

अमेरिकेत मिसिसिपीतल्या फॉरेस्ट गावचे डोनाल्ड ट्रिपलेट घ्या. बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेवरच्या १९४३च्या निबंधात ज्या ११ मुलांबद्दल लिहिलं, त्यातला हा पहिला मुलगा. तिसऱ्या वर्षी त्याला घरापासून दूर संस्थेत ठेवलं होतं. पुढे तो पदवीधर झाला, बँकेत लागला, सत्ताविसाव्या वर्षी मोटार चालवायला शिकला, एकट्याने देशोदेशी हिंडला. २०२३ साली, ८९व्या वर्षी ट्रिपलेट वारले. त्यांची स्वमग्नता गेली नव्हती हं! बँक आईच्या माहेरची होती आणि गाव त्यांना सांभाळून घेणारं. हाही आधारच, फक्त त्याची नोंद कुठल्या फाइलवर नव्हती.

गरज वाढतेसुद्धा, आणि तिथे आपण जास्त चुकतो. सातवीपर्यंत छान चाललेली मुलगी वयात येताना बोलणं कमी करते, आंघोळीलाही मागे लागावं लागतं. घरचे म्हणतात, “एवढी मोठी झाली, आता नखरे सुचतायत.” वर्षानुवर्षं चारचौघांसारखं वागण्याच्या ताणाने ती पार थकलेली असू शकते. काहींना याच वयात फिट्स सुरू होतात, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा. नीट नोकरी करणारा चाळिशीतला माणूस आई गेल्यावर जेवायचं विसरतो. रोज हाक मारणारं कुणी उरलेलं नसतं.

आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, आणि जास्त आधारासाठी अर्ज करण्याची सोयही आहे. तेव्हा दर वाढदिवसाच्या सुमारास एक दिवस निवडा. उठल्यापासून झोपेपर्यंत कोणी, कशात, किती मदत केली ते लिहून काढा. आजीने घातलेली बटणंसुद्धा लिहा. पुढच्या तपासणीला तो कागद बरोबर न्या.