पटावर आहे, वर्गात नाही

(दृश्य : भिवंडी तालुक्यातली वीटभट्टी, सकाळ)

दिवाळी सरली की ठाणे जिल्ह्यातली कितीतरी कातकरी कुटुंबं पाडे सोडून भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. पोरंही सोबत जातात. यू-डायसमध्ये, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीत, वर्षानुवर्षं पट धरला जायचा तो 30 सप्टेंबरचा. त्या दिवशी मूल वर्गात असतं, पुढच्या 30 सप्टेंबरलाही असतं. मधले सहा-सात महिने ते भट्टीवर होतं, हे या आकड्यात कुठेच उमटत नाही. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. म्हणून कागदावर गळती दिसते ती नववीत. तुटायला सुरुवात झालेली असते तिसरी-चौथीत.

(दृश्य : तुर्भे, शाळेचं कार्यालय)

आता हिशोब पाहा. समजा, गेल्या वर्षी नववीत 100 मुलं होती. त्यातली 82 दहावीत गेली, 6 पुन्हा नववीत बसली. उरली 12, म्हणजे गळती 12 टक्के. पण त्यातली 5 जणं बिऱ्हाड हलल्यामुळे बदलापूरच्या शाळेत जात असतील, तर खरी गळती 7. जुन्या शाळेने मुलाची ऑनलाइन नोंद नव्या शाळेकडे सोडली नाही, की शिकत असलेलं मूलही गळालेलं ठरतं. आठवीपर्यंत तर दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. शिक्षणहक्क कायद्याचं कलम 5 तसं स्पष्ट सांगतं.

गळती मोजायला युरोपीय संघ 18 ते 24 वयाचे तरुण मोजतो : उच्च माध्यमिक शिक्षण पूर्ण नाही आणि मागच्या 4 आठवड्यांत कुठलंही शिक्षण-प्रशिक्षण नाही, असे. देशांची तुलना करायला हे चांगलं. सातवीतल्या मुलीला मात्र त्याचा उपयोग नाही, तिच्यासाठी हजेरीपटच उघडावा लागतो.

आपल्याकडे सलग महिनाभर गैरहजर मूल शाळाबाह्य धरतात. तोवर फार उशीर होतो. तिसऱ्या दिवशी फोन, आठवड्यात घरभेट, आणि कारण नेमकं लिहायचं. ‘घरगुती अडचण’ या शेऱ्यावरून काहीच करता येत नाही. धाकट्या भावाला सांभाळणारी मुलगी असेल तर जवळची अंगणवाडी शोधावी लागते. नाक्यावर कामाला लागलेल्या मुलाची गोष्ट वेगळी. भट्टीवर जाणाऱ्यांसाठी गावातच हंगामी वसतिगृह, नाहीतर भट्टीजवळच्या शाळेत प्रवेश. त्यासाठी कोण, कुठल्या भट्टीवर, कधी जाणार, ही यादी सहामाही परीक्षेच्या आतच व्हायला हवी. सुट्टीनंतर विचारायला पाड्यावर कुणी नसतं.