वर्ग म्वालिमूंचाच

(ठाण्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघापुढे दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

सलाम मंडळी. पाळकसाहेबांनी विषय दिलाय ‘मिशन ट्रिपचा एक दिवस’. तुमच्यातले काही जण एप्रिलच्या सुट्टीत केनियातल्या मोंबासाला निघालेत, म्हणून मी फक्त मुलांच्या वर्गाचा दिवस सांगणार आहे. पण त्याआधी जरा नाशिकला जाऊन येऊ.

1850च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिकजवळ शरणपूर वसवलं. इंग्रज आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवली जात आणि त्यातली बरीच शरणपूरला येत. तिथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. जेकब वेनराइट त्यांच्यातलाच. 1873 मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले, तेव्हा त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता. पुढच्या एप्रिलमध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या मानकऱ्यांतही तो होता. मग प्राइस मोंबासाला गेले आणि 1875च्या सुमारास तिथे मुक्त झालेल्या गुलामांसाठी फ्रीअरटाउन उभं राहिलं. नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचं, आणि हाताशी माणसं नाशिकला शिकलेली. तिकडे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत.

म्हणजे इकडून तिकडे शिकवायला जाण्याची वाट आपण पाडलेली नाही. फरक एवढाच, की ती माणसं राहायला गेली. आपण परतीचं तिकीट काढूनच निघतो. दिवसभर हे डोक्यात ठेवा.

आता वर्ग. चर्चच्या आवारात, पत्र्याखाली. आठची वेळ दिली तर मुलं सातलाच हजर. आपल्या संडे स्कूलला हे जमेल तो सुदिन! पहिल्यांदा ऊजी, म्हणजे मक्याच्या नाहीतर नाचणीच्या पिठाची पातळ, गोडसर पेज. ती वाढतात तिथल्याच मंडळीतल्या बायका. पाहुण्यांनी पेले विसळायचे. हे मुद्दाम सांगतेय, कारण प्रत्येकाला पळी हवी असते. पळीबरोबर फोटो चांगला येतो ना.

शिक्षिकेला मुलं ‘म्वालिमू’ म्हणतात. त्या दिवशी गोष्ट बायबलमधल्या जक्कयची होती, येशूला पाहायला झाडावर चढलेल्या बुटक्या जकातदाराची. मी इंग्रजीत एक वाक्य बोलायचं, म्वालिमूंनी ते स्वाहिलीत सांगायचं, असं ठरलेलं. माझं एक, त्यांची पाच! ‘जक्कय जकातदार होता’ एवढं बोलून मी मोकळी झाले. त्यांनी त्याला थेट भाजीबाजारात उभा केला, टोपल्या उचकायला लावल्या, एका आजीशी पैशावरून हुज्जत घालायला लावली. मुलं हसून लोळायची बाकी होती. एक बुटका मुलगा आपणहून बाकावर चढला आणि झाडावरचा जक्कय झाला. त्यानंतर मी गप्प बसले आणि चित्रं धरून उभी राहिले. ज्यांना गोष्ट सांगायची हौस आहे त्यांना हे जड जाईल.

दुपारी चेंडू, दोरीउड्या. तेव्हा एखादी तीन-चार वर्षांची पोर मांडीवर येऊन बसते, हात सोडत नाही. आपला जीव विरघळतो. पण त्या पोरीला आपण पुढच्या आठवड्यात दिसणार नाही. म्हणून ती रडली, पडली, तिला काही हवं असलं, तर तिला म्वालिमूंकडे न्या. सवय त्यांची राहू दे. कडेवर घेऊन ‘माझी मुलगी’ म्हणत फोटो टाकणं तर नकोच.

कोणी ‘अनाथाश्रम दाखवतो’ म्हणालं तरी जाऊ नका. केनिया सरकारने 2017 मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि 2022 पासून मुलांना संस्थांतून काढून कुटुंबात परत नेण्याचं धोरण घेतलं. अशा घरांतल्या अनेक मुलांचे आईवडील किंवा नातेवाईक हयात असतात. पाहुणे येत राहिले, देणग्या देत राहिले, की मुलाला घरी पाठवायची कोणाला घाई राहणार?

मागून कोणीतरी विचारलं, मग जायचंच कशाला? प्रश्न रास्त आहे. पन्नासेक मुलं आणि म्वालिमू एकट्या, तिथे चार जोडी हात लागतातच. दुसरं, तिथल्या मोठ्या मुलींनी आमच्याकडून गोष्ट सांगताना फलकावर लावायची कापडी चित्रं करायला शिकून घेतली. आता त्या स्वतः करतात, आणि आमच्यापेक्षा नेटकी. या वेळी म्वालिमूंनी कात्र्या मागितल्यात, बोथट टोकाच्या. चॉकलेटं मागितलेली नाहीत, तेव्हा ती नेऊ नका.

बाकी जेवणाची काळजी करू नका. चपाती आणि दुधाचा चहा तिथे घरोघरी आहे. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस मात्र निघण्याआधी किमान 10 दिवस घेतलेली हवी. लस घेतल्याचा दाखला नसेल तर परतताना मुंबई विमानतळावरून घरी सोडत नाहीत, 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. ज्यांची लस बाकी आहे त्यांनी चहाच्या आधी माझ्याकडे नावं द्या.