दहा तोंडांचा भार

रावणाला दहा तोंडे असतात, हे लहान पोरालाही ठाऊक असते. मात्र त्यांतले एक तोंड नटाचे स्वतःचे असल्याने कारागिराला नऊच घडवावी लागतात, आणि नऊ ही विषम संख्या आहे. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला पाच. पौराणिक नाटकाचे शिरोभूषण करायला बसलेल्या माणसाची अडचण इथूनच सुरू होते, कारण नटाची मान पाचांच्या बाजूला ओढली जाते आणि संवाद म्हणता म्हणता तो बिचारा तोल सावरत राहतो.

कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आणि गंगावेशीत गणपतीचा हंगाम सरला की शाडूत मुरलेले हात मोकळे होतात. मग शाळांचे स्नेहसंमेलन, हौशी नाट्यस्पर्धा, गावोगावची सोंगी भजने यांच्यासाठी मुखवट्यांची विचारणा सुरू होते. मूर्ती एका जागी बसते आणि लोक तिच्यापाशी येतात. मुखवट्याला मात्र घाम, प्रकाश आणि धावपळ सोसावी लागते. त्यामुळे उत्तम मूर्तिकार उत्तम मुखवटा करीलच, असे सांगता येत नाही.

सध्या पाटावर आहे तो नृसिंह. आधी नटाच्या डोक्याची मापे घेतली जातात: कपाळावरून डोक्याचा घेर, एका कानापासून टाळूवरून दुसऱ्या कानापर्यंतचे अंतर आणि दोन बुबुळांमधले अंतर. केसांचा टोप घालायचा असेल तर तो चढवूनच माप घेतात, नाहीतर प्रयोगाच्या दिवशी मुखवटा कपाळावर अडकतो. मग चेहऱ्यावर, विशेषतः भुवयांवर, व्हॅसलीन चोपडून प्लास्टरच्या पट्ट्यांनी साचा काढतात. नाकपुड्या मोकळ्या सोडतात आणि थर पातळच ठेवतात, कारण प्लास्टर घट्ट होताना तापते. त्या साच्यात ओतून घेतलेल्या चेहऱ्यावर शाडूने सिंहाचे नाक, गालफडे आणि भुवयांचे उंचवटे चढवले जातात. इथे कारागीर डावी भुवई उजवीपेक्षा जाणूनबुजून किंचित वर ठेवतो. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या केल्या तर मुखवटा मुर्दाड दिसतो. थोडा फरक ठेवला की मान वळताना भाव पालटल्याचा भास होतो.

मातीवर व्हॅसलीनचा हात फिरवून मग कागद चढतो. हा कागद कात्रीने कापत नाहीत, हाताने फाडतात, कारण फाटलेली कड पातळ होऊन खालच्या थरात मिसळून जाते, तर कापलेल्या कडेची रेघ रंगाखालूनही डोकावत राहते. एक थर वर्तमानपत्राचा आणि पुढचा खाकी कागदाचा दिला, की कुठे जागा सुटली ते लगेच कळते. चिकटवायला चिंचोक्याची खळ वापरतात आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात थोडा मोरचूद घालतात. पाच-सहा थर झाले की मुखवटा सावलीत वाळतो; उन्हात ठेवला तर वरचा थर आधी आकसतो आणि कडा वेड्यावाकड्या होतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हे वाळवणे कारागिराचा अंत पाहते, आणि खळीला बुरशी धरली की सगळेच मुसळ केरात जाते. भरताच्या नाट्यशास्त्रातही आहार्य अभिनयाच्या, म्हणजे वेशभूषा-रंगभूषेच्या, विवेचनात अशा मुखवट्यांची कृती आहे. तिथे चिकटवण्यासाठी बेलफळाचा गर आणि त्यावर कापड सांगितले आहे. आजच्या कारागिराला ती कृती मुळीच परकी वाटणार नाही.

हा नृसिंह वरच्या ओठापाशी संपतो. खालचा जबडा रंगभूषेने साधला जातो, कारण पूर्ण बंद मुखवट्यात आवाज घुमतो आणि जोडाक्षरे हरवतात. डोळ्यांची भोके मोठी ठेवावीत तर सिंहाची नजर बिघडते आणि लहान ठेवावीत तर नटाला बाजूचे काही दिसत नाही, रंगमंचाची कड तर नाहीच नाही. यावर उपाय तालमीचा आहे. मुखवटा प्रयोगाच्या आदल्या रात्री हातात देणारा दिग्दर्शक नटाच्या पायांशी खेळतो, असे स्पष्टच म्हटले पाहिजे.

रंगकामात अंतराचा हिशेब येतो. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले आणि 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेले नाट्यगृह पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते आगीत सापडले. तशा मोठ्या नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतून बारीक रेषा दिसत नाहीत, म्हणून डोळ्यांखालची सावली आणि नाकपुडीची कड भडक वाटेल इतकी गडद करावी लागते. हाच मुखवटा शाहू स्मारक भवनासारख्या लहान सभागृहात नेला, तर पहिल्या रांगेला तो ओबडधोबड वाटतो. लांबून काय उरते हे ओळखण्याची नजर या शहराला जुनी आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या आतेमामेभावांनी चित्रपटाकडे वळण्याआधी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले होते. शेवटचा हात चकाकणाऱ्या व्हार्निशचा कधीही देऊ नये, कारण समोरचा प्रकाश त्यावरून परततो आणि सगळा चेहरा पांढरा पडतो. चकाकी नसलेल्या रंगावर सावल्या टिकतात. जपानच्या नो नाट्यात मुखवटा किंचित खाली झुकवला की तो खिन्न आणि वर उचलला की प्रसन्न भासतो. ती किमया सावल्यांचीच आहे.

आता रावणाकडे वळू. पूर्वी मुकुट आणि डोकी पुठ्ठा, तार आणि बेगड यांची असत. आता फोमची शीट तापवून वाकवतात, चपलेला लागते तेच सोल्यूशन लावून जोडतात, आणि फोम रंग पितो म्हणून आधी गोंदाचा हात देतात. वजन कमी झाले तरी दोष राहतोच, कारण सर्वांत बाहेरचे डोके मानेपासून जितके लांब, तितका त्याचा ओढा जास्त. त्यामुळे पाचांच्या बाजूची डोकी बाहेर जाताना लहान आणि पोकळ करत नेतात. तालमीत नट तरीही तक्रार करतो, “मामा, मान फिरवली की डोकी मागनं येत्यात.” कारागीर मामांचे उत्तर ठरलेले असते, “मग खांद्याव घेऊ.” वेताची चौकट पाठीवर पट्ट्यांनी बांधली की भार खांद्यांवर उतरतो आणि नटाची मान मोकळी फिरते. मात्र मग उरलेली नऊ तोंडे समोरच पाहत राहतात. आमच्या मते हा तोटा पत्करावा. मान अवघडलेल्या रावणाचा दरारा वाटत नाही. चौकटीची रुंदी तेवढी आधी मोजून घ्यावी, कारण दोन विंगांमधल्या फटीतून लंकाधिपतीला आडवे होऊन यावे लागले तर प्रेक्षक हसतात.

साधा मुकुट बहुधा ड्रेपरीवाल्याकडून, म्हणजे नाटकाचे पोशाख पुरवणाऱ्याकडून, भाड्याने येतो. कालच्या दुर्योधनाचा मुकुट आजच्या इंद्राला सैल होतो आणि मग आत वर्तमानपत्राची घडी कोंबली जाते. ती घामाने भिजली की मुकुट भुवयांवर उतरतो. यावर चप्पल करणाऱ्यांकडून आणलेली चामड्याची वादी आतून बसवतात आणि तिला पट्ट्यासारखी भोके पाडतात, म्हणजे कोणत्याही डोक्यावर मुकुट आवळता येतो. जाणते ड्रेपरीवाले ही वादी आता स्वतःहून मागतात. रावणाची चौकट मात्र त्यांनाही भाड्याने देता येत नाही; ती ज्या खांद्यांच्या मापाने बांधली, त्यांच्यावरच बसते.